पांढऱ्या फुलांची वाट

"कुंद लावू, की पांढरी शेवंती?"

धुळाबुवा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बुवा, मी विचारतोय."

"इचारतुयास, का सांगतुयास?"

विद्याधर हसला. खरं तर तो सांगतच होता. पण बुवांना विचारून केलं, असं म्हणता आलं की त्याला बरं वाटायचं.

"मोगरा उन्हाळ्याचा. जुई पावसाची. अनंतही थंडीपर्यंत टिकत नाही. हिवाळ्यात पांढरं फुलणारी झाडं मोजकीच, आणि ती लावायची आत्ता, पावसाच्या तोंडावर. म्हणून विचारतोय."

"मग दोनी लाव."

"आणि तगर?"

"ती कशाला?"

"ती बारमाही. शेवंती दमली, कुंदाला उशीर झाला, तरी वाट उघडी पडायची नाही."

बुवांनी एक शेंग कानाशी नेऊन हलवली. आत दाणा वाजला नाही. त्यांनी ती टाकून दिली.

"लाव बाबा. तुजी हौस."

"माझी नाही, बुवा. हे सगळं तुमच्यासाठी चाललंय."

"आं... माज्यासाठी व्हय."

आणि ते पुन्हा शेंगांकडे वळले.

हे बोलणं झालं ते पाथरखिंडीच्या मठात. मठ म्हणजे घाटमाथ्यावरच्या दोन खोल्या, एक ओटा, आणि ओट्यापासून निघून कड्याच्या अंगाने सिदूबाबांच्या समाधीपर्यंत गेलेली एक वाट. सिदूबाबा हे बुवांचे गुरू. ते गेल्यापासून बुवा रोज दिवेलागणीला त्या वाटेने एकटे जायचे, समाधीवर दिवा लावायचे आणि परत यायचे. त्यांचा जप म्हणा, तप म्हणा, एवढंच.

मागच्या हिवाळ्यात त्यांची नजर गेली. काचबिंदू. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेली नजर काही परत यायची नाही. आता काळं-पांढरं तेवढं कळेल.

डॉक्टर काळं-पांढरं म्हणाले होते. विद्याधर त्यातलं पांढरं तेवढं घेऊन मठात परतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बुवा वाटेवरून घसरले आणि मनगट मोडून बसले. त्यांचा पुतण्या सोपान कराडहून धावत आला. माणूस वाईट नव्हता. चुलत्याचा हात गळ्यात बांधलेला बघून त्याचे डोळे भरले, आणि मग तो चिडला.

"तात्या, आता बास झालं. कराडला चला."

"कराडला काय हाय?"

"तिसऱ्या मजल्यावर खोली हाय. लिफ्ट हाय. सून हाय बगायला."

"समाधी हाय का?"

सोपानने बराच वेळ कड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "फुडच्या दत्तजयंतीला मी येनार. माज्यासमोर समाधीपातूर जाऊन दाखवा, कुनाचा हात न धरता. जमलं तर ऱ्हावा हितंच, मी पुन्ना शब्द काढनार न्हाई. न्हाई जमलं, तर गाडीत बसायचं. बोला, कबूल?"

"कबूल," बुवा म्हणाले.

विद्याधरने हे ऐकलं, आणि त्याच दिवशी त्याने मनात बाग आखली.

बागा आखणं हा त्याचा जुना उद्योग. पुण्यात मोठमोठ्या बंगल्यांच्या बागा त्याने आखून दिल्या होत्या. ते सगळं सोडून तो बुवांकडे आला, त्याला तीन वर्षं झाली होती. सगळं सोडलं असं तो सांगायचा तरी. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर पांढरी शाल. कपडे स्वतः धुवायचा, आणि त्यावर कधी डाग दिसायचा नाही. चिखलात काम करूनही याचं धोतर असं कसं राहतं, याचं गावाला नवल वाटायचं. गावाला नवल वाटतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

त्याचा बुवांवर जीव होता, याबद्दल मला शंका नाही. फक्त त्या जिवाला आपलं काम चारचौघांत दिसावं लागायचं.

तीन वर्षांत बुवांनी त्याला अनुग्रह दिला नव्हता. तो आडून आडून विचारायचा.

"घाई काय हाय?" बुवा म्हणायचे. आणि काहीतरी सोलायला घ्यायचे.

वाटेच्या दोन्ही अंगांना जुना अडुळसा होता. छातीएवढा वाढलेला, काळपट हिरवा, उग्र वासाचा. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नसे. विद्याधरने तो मुळासकट उपटला.

खाली वाडीतून हौसाक्का दूध घेऊन वर आली आणि चरवी हातात तशीच धरून उभी राहिली.

"अगं बया! अडुळसा काडला व्हय? आता खोकला आला की पाला कुटनं न्यायचा?"

"दुकानात औषध मिळतं, हौसाक्का."

"मिळतंय की. देवबी मिळत आसंल तितंच. मग तू हितं कशाला बसलाईस?"

विद्याधरने कुदळ आपटली. "ती नुसती अंधारी जाळी होती. बुवांना वाट दिसायला हवी. मी इथे उजेड आणतोय."

हौसाक्का ओट्याकडे वळली. "बुवा, तुमी काय बोलला न्हाईसा?"

"मला कुनी इचारलं?"

ते हसत होते की नाही, हे तिला कळलं नाही. ती दूध ओतून निघून गेली.

पाऊस आला, गेला. वाटेच्या एका बाजूला कुंद लागला, दुसऱ्या बाजूला शेवंती, मध्ये मध्ये तगर. भाद्रपदात विद्याधरला वाटलं, वाटेची लाल माती फुलांना शोभत नाही. त्याने पांढरी खडी आणून पसरली. मग कडेच्या दगडांना चुना लावला. मग कड्याच्या बाजूच्या दगडी गडग्याला लावला. चुना उरला, तो समाधीच्या चौथऱ्याला फासला.

तोवर संध्याकाळी बुवांना समाधीपर्यंत तोच हात धरून न्यायचा. एकदा बुवा म्हणाले, "आज सोड हात. बगू जातोय का."

"आत्ता नको, बुवा. बाग पूर्ण फुलू द्या."

"फुलल्यावर जमंल?"

"जमणारच. मी सांगतो ना."

"तू सांगतुयास मजी जमंल," बुवा म्हणाले आणि हात तसाच राहू दिला.

मार्गशीर्ष लागला आणि बाग फुलली.

खोटं कशाला बोलू, दिसत होती ती देखणी. शेवंती एवढी भरली की पानं दिसेनात. कुंदाने नुकताच बहर धरला होता. सकाळी दव असलं की ओट्यापासून समाधीपर्यंत सगळं एकच पांढरं व्हायचं. लांबून लोक बघायला यायला लागले. फोटो काढायचे. काहीजण तर वाटेवर पाय ठेवण्याआधी चपला काढायचे, आणि मग समाधीला नमस्कार करायला विसरून परत फिरायचे. विद्याधर पांढऱ्या शालीत उभा राहून झाडांची नावं सांगायचा.

"बुवांसाठी केलं हो सगळं," तो म्हणायचा.

त्या वर्षी थंडीही तशीच पडली. एका सकाळी तो बागेतून कुडकुडत ओट्यावर आला. बुवा आपली जुनी काळी घोंगडी पांघरून बसले होते. धनगराचं घर त्यांचं. ती घोंगडी त्यांच्या वडलांची होती म्हणतात. त्यांनी तिचा एक पदर उचलला.

"ये. बस आत."

"नको, बुवा. शाल आहे."

"शालीनं काय व्हतंय ह्या गारठ्याला?"

"घोंगडीचे केस लागतात कपड्यांना. मग निघता निघत नाहीत."

बुवांनी पदर खाली सोडला.

तेवढ्यात हौसाक्का आली. बुवांना दोन दिवस खोकला होता म्हणून तिने आपल्या बांधावरच्या अडुळशाची फांदी मोडून आणली होती. बुवांनी ती हातात घेतली, डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, मग हात लांब करून बघितली. पुन्हा जवळ आणली.

"ह्याला फूल आलंय," ते म्हणाले.

विद्याधरने वाकून बघितलं. काळपट पानांमध्ये पांढऱ्या फुलांचा एक तुरा होता.

"अडुळशाला पांढरं फूल येतं?" त्याने विचारलं.

"दर थंडीला येतंय की," हौसाक्का म्हणाली. "तू जेटात उपटल्यावर कसं दिसनार?"

विद्याधर थोडा ओशाळला. मग म्हणाला, "असेल. पण त्या एवढ्याशा तुऱ्याने काय होणार? बुवा, तुम्ही इकडे बघा. शेवंती कशी दिसतेय?"

बुवांनी बागेकडे तोंड केलं.

"पांढरं दिसतंय," ते म्हणाले.

"झालं तर!"

बुवांनी ती फांदी तांब्यात खोचून ठेवली. काढा हौसाक्काला दुसरी फांदी आणून करावा लागला.

दत्तजयंतीला सोपान आला. गाडी त्याने ओट्याच्या समोरच लावली, तोंड घाटाकडे करून. बुवांचे कपडे भरायला एक पिशवीही आणली होती. ती त्याने कोणाला दिसणार नाही अशी सीटखाली सरकवली, पण ती विद्याधरला दिसली.

ऊन उतरलं. दरीतून थोडं धुकं वर आलं होतं. बुवा दिव्याचं तेल घेऊन ओट्याखाली उतरले.

"विद्याधरा, तू फुडं हो. समाधीपाशी जाऊन उभा ऱ्हा."

"मी बाजूने चालू का?"

"हात न धरता जायाचं ठरलंय."

"हात नाही धरणार."

"फुडं हो म्हनलं ना."

विद्याधर जाऊन समाधीपाशी उभा राहिला. तिथून त्याला पूर्ण वाट दिसत होती. दोन्ही बाजूंना फुलं, मध्ये खडी, आणि त्या टोकाला काळी घोंगडी पांघरलेले बुवा. आयुष्यात त्याने आखलेल्या बागांमध्ये ही सर्वांत सुंदर होती. त्याच्या मनात आलं, आता सोपान बघेल.

बुवा चालू लागले.

पहिली काही पावलं नीट पडली. मग एक पाऊल शेवंतीत गेलं. त्यांनी ते मागे घेतलं, वळले, आणि दुसरं पाऊल कुंदाच्या आळ्यात पडलं. ते थांबले. पुन्हा निघाले तेव्हा त्यांचं तोंड कड्याकडे होतं.

ओट्यावर सोपान उठून उभा राहिला.

"बुवा! सरळ!" विद्याधर ओरडला.

"सरळ कुटं?"

"समोर! माझ्याकडे या!"

"तू कुटं हाईस?"

"हा काय, समोर उभा आहे."

बुवांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं. डोळे बारीक केले.

"...न्हाई दिसत."

विद्याधरने हात वर करून हलवले. "हा बघा! आता?"

"न्हाई दिसत, विद्याधरा."

त्याने हात खाली घेतले आणि स्वतःकडे बघितलं. धोतर, सदरा, शाल. मागे चुना फासलेला चौथरा. पुढे पांढरी खडी, दोन्ही बाजूंना पांढरी फुलं, पलीकडे पांढरा गडगा आणि त्यावर धुकं. पांढऱ्या फुलामागे काहीतरी गडद लागतं, नाहीतर ते उठून दिसत नाही. पुण्यातल्या बंगलेवाल्यांना हे तोच समजावून सांगायचा, आणि त्याचे पैसेही घ्यायचा.

बुवा गडग्याच्या दिशेने आणखी एक पाऊल सरकले. गडगा गुडघ्याएवढाच होता.

विद्याधर धावला. शेवंती तुडवत धावला. बुवांपाशी पोचून त्याने हात पुढे केला, आणि तो हात तसाच हवेत राहिला. धरला तर पिशवी, गाडी आणि कराड. नाही धरला तर कडा.

"बुवा, चुकलो मी," तो म्हणाला. "आता काय करू?"

"काय म्हनलास?"

"काय करू, ते सांगा."

बुवा त्याच्याकडे वळले.

"आज इचारलंस व्हय," ते म्हणाले.

त्यांनी घोंगडी अंगावरून काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"घे."

"मला थंडी नाही वाजत, बुवा."

"तुला थंडीचं कुनी इचारलं?"

विद्याधरने घोंगडी घेतली. ती जड होती. तिला धुराचा, मेंढरांचा आणि बुवांच्या कितीतरी हिवाळ्यांचा वास होता. त्याने तिची खोळ करून डोक्यावरून घेतली, पाऊस आला की मेंढके घेतात तशी. पांढरं धोतर घोट्यापर्यंत झाकलं.

"आता फिर," बुवा म्हणाले. "आन् चाल. बिगीबिगी नगं."

तो पाठ करून चालू लागला. मागून खडीवर पावलाचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. विद्याधरला मागे वळून बघायचं होतं, पण वळलं तर सदरा दिसेल म्हणून तो वळला नाही. तो नुसता ऐकत चालला. त्याला रडू येत होतं, आणि डोळे पुसायला हात बाहेर काढता येत नव्हता. मागची पावलं आता एका चालीने पडत होती.

समाधीपाशी पोचल्यावर बुवांनी हाताने चाचपून पणती शोधली, तेल घातलं, दिवा लावला. मग दोन्ही हात जोडून उभे राहिले. अंगात नुसती बंडी होती. गारठ्याने त्यांचे खांदे हलत होते.

सोपान वाटेने चालत आला. चुलत्याकडे बघितलं, काळ्या घोंगडीतल्या विद्याधरकडे बघितलं.

"गाडी जरा बाजूला लावतो," तो म्हणाला. "हौसाक्काला सांगा, मी जेवूनच जानार."

तो परत गेला. त्याच्या पावलांचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू आला.

विद्याधर खाली बसला होता. समोर त्याने तुडवलेली शेवंती पडली होती.

"उद्या हे सगळं उपटून टाकतो, बुवा."

"का? त्यांनी काय केलं?"

"...मग परत अडुळसा लावू का? फुलांच्या मागून?"

"हौसाक्काला इचार. फांद्या तिच्या बांधावर हाईत."

विद्याधर उठला. घोंगडी काढून त्याने बुवांच्या खांद्यावर घातली आणि नीट लपेटली. मग सवयीने आपल्या सदऱ्याकडे बघितलं. छातीवर, बाह्यांवर, सगळीकडे काळे केस चिकटले होते. त्याने चिमटीत धरून एक काढला. दुसरा काढला. मग हाताने झटकायला लागला.

बुवा दिव्याच्या उजेडात डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत होते.

"झटकू नगंस," ते म्हणाले. "आत्ता कुटं दिसाया लागलाईस."